अठ्ठावीस म्हणजे नेमके किती?

पडवीत आजोबांची काळी सायकल धूळ खात उभी असेल, तर भंगारात द्यायच्या आधी एकदा तिचं टायर वाचा. हो, वाचा! बाजूच्या रबरावर आकडे उठलेले असतात: २८ x १ १/२, किंवा ४०-६३५. मी ते न वाचता दुकानात गेले आणि 'अठ्ठावीसचं द्या, जरा रुंद' म्हणाले. मिळालं ते हायब्रिड सायकलचं. पूर्णगडला घरी आणून बसवायला घेतलं, तर रिमवर चढेचना. स्वयंपाकघरातले दोन चमचे वाकले, एक ट्यूब फाटली आणि आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

गोची अशी, की दोन्हींवर '२८'च लिहिलेलं असतं. पण टायरची कड रिमवर बसते तिथला व्यास जुन्या सायकलला ६३५ मिलिमीटर, नवीला ६२२. हे १३ मिलिमीटर ओढूनताणून भरून निघत नाहीत. त्यात दुकानदार विचारतो, 'बावीसची की चोवीसची?' हे माप फ्रेमचं, चाकाचं नव्हे! म्हणून तोंडी काही सांगूच नका. मोबाइलमध्ये त्या शेवटच्या तीन आकड्यांचा फोटो काढून न्या.

आता रुंदीचं. आमच्याकडे थोड्याशा अंतरात डांबर, जांभ्याचा चिरा, सड्यावरची खडी आणि मुचकुंदीचा पूल ओलांडला की गावखडीची वाळू. रील्स बघून इथे फॅट बाइकच हवी असं वाटतं. मला ते पटत नाही. जुन्या सायकलचं टायर मुळातच ४० मिलिमीटरचं. 'ग्रॅव्हल बाइक' म्हणून आज जे महागडं विकतात, त्यालाही साधारण तेवढंच असतं. रस्ते धड नव्हते तेव्हाच तर ही सायकल घरात आली!

याहून रुंद हवं म्हणून २६ इंची चाकं टाकायचा सल्ला मिळेल. नका ऐकू. रिम लहान झाली की दांड्याच्या ब्रेकची रबरं तिला लागतच नाहीत, आणि आमच्याकडे उतार काही कमी नाहीत. त्यापेक्षा हवा किंचित कमी ठेवा. फार कमी नको, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते. सुक्या वाळूत मात्र मुकाट्याने उतरून ढकला. ओहोटीच्या ओल्या वाळूवर चालते, पण घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. आणि थंडीत किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा तिकडे सायकल नकोच.

ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, ऐन जागतिक सायकल दिनी बंद झाला. काळ्या सायकली कमी होत जाणार आणि कोणी मागितलीच नाहीत तर त्यांची टायरंही. पावसला एसटी पकडायला मला हीच सायकल लागते, त्यामुळे हा माझ्यासाठी आठवणींचा विषय नाही. दुसऱ्यांदा दुकानात गेले तेव्हा ६३५ची एकच जोडी वरच्या खिळ्याला लटकत होती. दोन्ही घेतली. आणखी मागवून ठेवा, असं सांगूनही आले.