डोकं कुणाच्या बापाचं?

विचार करणं तुमचं काम नव्हे, असं आता तोंडावर कुणी म्हणत नाही. आता 'मेरिट' म्हणतात. शब्द नवा, पोटातला माल जुनाच. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात ब्राह्मण तोंडातून काढला, शूद्र पायातून. आम्हाला तर त्या देहात जागाच नाही. अक्कल कुठं राहते, याचा तो जुना नकाशा. खोटा नकाशा.

मी मॅट्रिक. खडवलीहून कसारा लाइनच्या लोकलला लटकून गोदीत जातो. क्रेनला पोलादाची कॉइल लटकली की वजन, वारा, जहाजाचा हेलकावा, खालच्या गड्याचं पाऊल, सगळं एका दमात जोखावं लागतं. चुकलं की माणूस चिरडला. पांढरपेशा म्हणतो, ही नुसती सवय. त्यानं खुर्चीत बसून केला की विचार, आम्ही उभ्यानं केला की सवय! वा रे न्याय!

मेंदू देहाच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा, पण देहाच्या इंधनाचा पाचवा हिस्सा तोच खातो. म्हंजे विचाराला भाकर लागते. पिढ्यान्‌पिढ्या उपाशी ठेवायचं आणि वर मठ्ठ म्हणायचं, हा तुमचा धंदा.

नुसत्या भाकरीनंही भागत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या पोरांना भुलभुलैयाची कोडी घातली. २००४ साली जागतिक बँकेनं तो अभ्यास छापला. जात न पुकारता बसवलेल्या गटांत वरची-खालची ठरवलेली पोरं जवळपास सारखीच निघाली. दुसऱ्या गटांत सगळ्यांदेखत जात पुकारली, आणि खालची ठरवलेली पोरं मागं पडली. कोडी तीच, पोरं तसलीच. मग मेरिटवाल्यांनो, अक्कल कुठं गेली?

मला नवल वाटलं नाही. आमच्या वर्गात मास्तर जात पुकारून स्कॉलरशिपचे फॉर्म वाटायचा. त्या तासाला गणित शिरायचं नाही. निम्मं डोस्कं फळ्याकडं, निम्मं पाठीमागच्या हसण्याकडं. मन म्हंजे कवटीत कोंडलेली वस्तू नव्हे. भोवतालची माणसं त्यात येऊन बसतात, पहारा देतात.

१९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं बाबासाहेबांचं भाषण रद्द केलं. ते त्यांनी स्वतः छापलं. जात ही विटांची भिंत नाही, ती मनाची अवस्था आहे, असं त्यात मांडलं. काही शहाणे यातून एवढंच उचलतात: मन बदला, झालं! त्याच भाषणात बाबासाहेब शास्त्रांच्या मुळावर उठले, ते मात्र गिळून टाकतात. मन कुणीतरी घडवतं. घडवणाऱ्याच्या नरडीला हात घातल्याशिवाय ते बदलत नसतं.

तेव्हा दोस्तांनो, कवितेच्या वह्या काखेत मारा आणि आपापल्या वस्तीतल्या शाळेत जा. तिथं अजून जात पुकारून पोरांना उभं करत असतील, तर हेडमास्तरच्या टेबलावर हात आपटून जाब विचारा. ते पोर घरी येऊन सांगणार नाही. आपणही कुठं सांगत होतो?