सिमेंट? अजिबात नको!

माझ्या मैत्रिणीने शिकागोत १८९० च्या दशकातलं विटांचं घर घेतलंय. सॉलिड घर आहे, पण दरजा भुसभुशीत झाल्यात. कंत्राटदार म्हणतो, ‘सिमेंटने पक्क्या भरून देतो.’ मी फोनवर ओरडलेच, थांबव त्याला!

फंडा सिंपल आहे. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. शिकागोच्या हिवाळ्यात पारा शून्याच्या वर-खाली नाचतो आणि मुरलेलं पाणी गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं. जुनी वीट मऊ, तिच्या जोडीचा चुन्याचा मसालाही मऊ. ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंट मात्र कडक आणि बंद. मग ओल विटेतच अडकते, बर्फ होते आणि विटेचे पापुद्रे उडतात. दरज पुन्हा भरता येते हो, १३० वर्षांची वीट कुठून आणणार?

अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसचाही सल्ला हाच: नवा मसाला विटेपेक्षा मऊ हवा. जुना मसाला दरजेच्या रुंदीच्या दोन-अडीच पट खोल काढायचा, शक्यतो हाताने. ग्राइंडर घसरला की वीट गेलीच. आणि सगळं गोठायच्या आत उरका, चुना सावकाश मुरतो.

आधी पन्हळीचा पाइप बघ म्हणावं. पाणी पायाशीच पडत असेल, तर ते आधी लांब न्यायचं.