डिले वाढवला की काय हरवतं?

गेल्या दिवाळीत मूलला मामांकडे गेलो तेव्हा बॅगेत घरी बनवलेला मेटल डिटेक्टर होता. शनिवार-रविवारचा उद्योग हो. २५ सेंटीमीटरची कॉइल, तारेचे पंचवीसेक वेढे, एक मॉस्फेट आणि बायकोची बोलणी. मामांनी अंगणातल्या मुरमावर फिरवून पाहिला आणि निकाल दिला, "बाबू, हा त दगडालेबी बोंबलते!"

(शेजारच्या काकांनी हळूच गुप्तधनाची चौकशी केली. त्यासाठी १८७८ पासूनचा कायदा आहे, सापडलं तर सरकारला कळवावं लागतं, म्हटल्यावर त्यांचा रस संपला.)

मला मात्र डोक्यात वाघ होते. एप्रिल २०१२ मध्ये ताडोबाजवळ पळसगावच्या जंगलात दोन वाघ लोखंडी सापळ्यांत अडकले, त्यातला एक मेला. असे सापळे शोधायला वनखात्याचे लोक मेटल डिटेक्टर घेऊन फिरतात. अशी यंत्रं घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न असतो, "किती खोलवरचं सापडतं?" माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. सापळा पालापाचोळ्याखाली, जेमतेम वीतभर आत असतो. खरा प्रश्न बटणांचा आहे.

पल्स इंडक्शनची गंमत अशी. कॉइलमध्ये करंटचा झटका द्यायचा, एकदम तोडायचा आणि थोडं थांबून ऐकायचं. जवळ धातू असेल तर त्यात निर्माण झालेले प्रवाह जरा उशिरा विझतात, तोच सिग्नल. हे 'थोडं थांबून' म्हणजे पल्स डिले. दहाएक मायक्रोसेकंद ठेवला तर गुटख्याच्या पुडीतली चांदीसुद्धा बोलते. (जंगलात वाघापेक्षा पुड्या जास्त, हे तुम्हालाही माहीत आहे.) वीस-पंचवीसवर नेला की पुड्या बऱ्याचशा गप्प होतात आणि जाड लोखंड बोलत राहतं. म्हणजे सापळ्यासाठी डिले वाढवावा? हो. पण मग रानडुकरासाठी लावलेला बारीक तारेचा फासही पुडीसोबतच गप्प होऊ शकतो, आणि त्या फासात बिबट्या काय, वाघही अडकतो. एकाच सेटिंगवर दोन्ही सापडेल हा भ्रम आहे. फास जमिनीच्या वर, कुंपणाच्या फटीत टांगलेला असतो. तिथे यंत्र बाजूला ठेवून डोळे आणि काठीच वापरावी.

आता मामांचा दगड. आपल्याकडच्या लाल मुरमात लोहाच्या ऑक्साइडचे अगदी बारीक कण असतात, तेही झटक्यानंतर जरा उशिरा शांत होतात. गडचिरोलीत सुरजागडसारखा लोहखनिजाचा डोंगर असलेल्या भागात तर यंत्र लावायच्या आधी मातीची ओळख करून घ्यायलाच हवी. ग्राउंड बॅलन्सचं बटण हा मातीचा आवाज वजा करतं. त्याची किंमत अशी की ज्या वस्तूचा सिग्नल मातीसारखाच विझतो, तीही वजा होते. फुकट काहीच नाही, आमच्या कोडमध्येही नाही.

सगळ्यात फसवं बटण म्हणजे आपोआप थ्रेशोल्ड सावरणारं. पार्श्वभूमीचा आवाज हळूहळू बदलला की यंत्र त्याला 'नेहमीचं' मानतं. आता गार्डला शंका आली आणि तो कॉइल धरून त्याच जागी थांबला, की यंत्र सापळ्यालाच माती समजतं आणि आवाज बसतो! म्हणून थांबायचं नाही, कॉइल त्या जागेवरून पुढे-मागे हलवत राहायची. मी अंगणात विळा पुरून हेच करून पाहिलं. दोन-तीन सेकंदांत विळा 'गायब'.

सेन्सिटिव्हिटी पूर्ण चढवायचा मोह सगळ्यांना होतो. आमच्या ऑफिसात एकदा सर्व्हरचे अलर्ट असेच चढवले होते. आठवड्यात सगळ्यांनी ते म्यूट केले. दिवसभर खोटं बोंबलणारं यंत्र घेऊन पंधरा किलोमीटर चालणारा माणूस संध्याकाळपर्यंत ऐकणं सोडतो. त्यात त्याचा दोष काय?

माझं म्हणणं एवढंच की दर सकाळी निघण्यापूर्वी, त्याच बीटवरच्या मातीत, जप्त केलेला खरा सापळा पुरून बटणं लावावीत. यासाठी टेंडर लागत नाही, पंधरा मिनिटं लागतात. आणि बटणं लावणारा तोच असावा, जो चालणार आहे.

मामांनी आता विळा परत मागितलाय. पुरला कुठे, तेच आठवेना. डिले कमी करून बघतो.