वर्गातलं बोलणं रंगमंचावर यायलाच हवं

नगर परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांशी, मुलांशी बोलायचं आणि त्यांच्याच शब्दांत नाटक उभं करायचं, असं म्हटलं की रत्नागिरीत पहिला आक्षेप ठरलेला: हे नाटक कसलं, हा तर अहवाल! ज्या गावात 'खल्वायन'सारखी संस्था संगीत नाटकाची परंपरा जपते, तिथल्या प्रेक्षकाला असं वाटणं स्वाभाविक आहे. तरीही हा आक्षेप मला मान्य नाही.

जोतीराव फुल्यांचं 1855 सालचं 'तृतीय रत्न' शिक्षणावरचंच नाटक आहे. नाडलेलं शेतकरी जोडपं अखेर शाळेची वाट धरतं. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं, म्हणून ते नाटक नव्हतं असं आज कोणी म्हणेल का? खुद्द रत्नागिरीत सावरकरांनी शाळेत सगळ्या जातींची मुलं सरमिसळ बसावीत म्हणून आग्रह धरला आणि त्याच काळात अस्पृश्यतेवर 'संगीत उःशाप' लिहिलं. शाळा आणि रंगभूमी या गावाला एकमेकींना परक्या नाहीत. आपल्या नमन-खेळ्यांच्या वगातही चालू घडामोडी बेधडक येतात.

राहिला प्रश्न कलेचा. अ‍ॅना डेव्हिअर स्मिथ या अमेरिकी अभिनेत्रीनं 'नोट्स फ्रॉम द फील्ड'साठी विद्यार्थी, शिक्षक, पालक, अधिकारी अशा अडीचशेच्या आसपास लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांतली मोजकी माणसं एकटीनं साकारली. त्यांच्या शब्दांत, त्यांच्या अडखळण्यासकट. कोणतं वाक्य ठेवायचं, कोणापुढे कोणाला उभं करायचं, कुठे थांबायचं, हे नाटककाराचंच काम आहे. आपल्याकडे अतुल पेठे यांनी 2012 मध्ये गो. पु. देशपांड्यांचं 'सत्यशोधक' पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केलं. ते लिहिलेलं नाटक होतं, पण बोलणाऱ्याचं जगणं शब्दाला केवढं वजन देतं, हे त्यात दिसलं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो शाळेवर जीव असणारेच घेतात. पट आधीच घसरतोय. त्यात शाळेच्या अडचणी चव्हाट्यावर मांडल्या तर उरलेले पालकही मुलांना इंग्रजी माध्यमात घालतील. ही भीती खरी आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. पट घसरतो तो ऐकीव गोष्टींवर. 'तिथे शिकवतच नाहीत' हे वाक्य ज्यानं वर्गात कधी पाऊल टाकलं नाही तोही ठामपणे बोलतो.

त्याला एक जोडवर्ग दाखवा. तिसरीला हातच्याची वजाबाकी घातली आहे, चौथी धडा वाचते आहे. फळ्याशी उभ्या बाईंच्या फोनवर निरोप येतो: माहिती आजच्या आज पाठवा. दारात पोषण आहाराच्या ताई विचारतात, आज किती ताटं? शिक्षण हक्क कायद्याचं 27वं कलम जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नका म्हणतं. नटीनं बाईंचं काम करता करता ते कलम वाचून दाखवावं. भाष्याची गरज पडणार नाही.

मागच्या बाकावर दिवाळीनंतर आलेली नेपाळी मुलगी आहे. वडील शहराच्या कडेला हापूसच्या बागेत राखणीला. संचमान्यतेला 30 सप्टेंबरचा पट धरतात, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवताना ती हिशेबातच नाही. बाई तिला शिकवतात, एप्रिलपर्यंत ती मराठी वाचू लागते, आंबा उतरला की ती जाते. असं शिकवणं बघून शाळेची बदनामी होईल असं ज्याला वाटतं, त्यानं कशाची लाज धरायची ते आधी ठरवावं.

गरिबांचं दुःख नाट्यगृहात विकू नका, असंही म्हणतात. बरोबर आहे, म्हणून परवानगीशिवाय एक शब्दही घेऊ नये. शिक्षकाला नोटीस येऊ शकते, तेव्हा नाव आणि शाळा बदलावी. संहिता आधी त्या शिक्षकांना, मुलांना, पालकांना वाचून दाखवावी आणि ते म्हणतील ते गाळावं, भले आपला सर्वात रंगणारा प्रवेश जावो.

पहिला प्रयोग सावरकर नाट्यगृहात नको. शाळेच्या व्हरांड्यात, बागेतून आणि बंदरावरून पालक परतल्यावर, विनातिकीट करा. नगरसेवकांना आणि शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांना बोलवा, पण खुर्च्या पहिल्या रांगेत मांडू नका. पालकांसोबत सतरंजीवर बसवा आणि प्रयोगानंतर पहिला प्रश्न पालकांना विचारू द्या.