अध्यक्ष बोलले नाहीत

संपादकांचे पत्र दरवर्षी श्रावणात येते. यंदाच्या पत्रात विषयही सुचवला होता : समाजात, राजकारणात आणि निसर्गात जी उलथापालथ चालली आहे तिला आजचे कलावंत कसे सामोरे जातात, यावर बीडकडून काही लिहा. मी ते पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवले. आमचे ‘हे’ सायकलच्या चाकात हवा भरत होते. मान वर न करता म्हणाले, “कलावंत कसे सामोरे जातात ते सावकाश बघ. आधी टँकर आला का ते बघ.”

टँकर आला नव्हता. तेव्हा हातात बादली घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभ्या उभ्याच मी या लेखाचा विचार केला, हे वाचकांना आधीच सांगून ठेवते.

माझे वडील, अण्णा, अंबाजोगाईच्या शाळेत मास्तर होते. १९८३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अंबाजोगाईला भरले तेव्हा मी दोन वर्षांची होते. अण्णा स्वयंसेवक होते. त्यांच्याकडे पिण्याच्या पाण्याची व्यवस्था होती. अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. अण्णांनी सबंध अध्यक्षीय भाषण पाण्याच्या पिंपापाशी, हातात ओगराळे घेऊन उभ्याने ऐकले, आणि पुढची चाळीस वर्षे ते आम्हांला ऐकवले. दरवेळी त्यात थोडी भर पडत गेली, त्यामुळे त्यातले माडगूळकरांचे किती आणि अण्णांचे किती हे आता सांगता येत नाही. पण एक गोष्ट अण्णा न चुकता सांगत : “अगं, हा माणूस झाडाझुडपांचा, पाखरांचा. चित्रं काढणारा, रानात हिंडणारा. आणि त्याला अध्यक्ष केला आमच्या दुष्काळी गावात!”

माडगूळकरांना दुष्काळाचे नवल नव्हते. ते माणदेशचे. १९५५ सालची त्यांची ‘बनगरवाडी’ शेवटी दुष्काळातच येऊन थांबते आणि वाडी ओस पडते. मी हे पुस्तक इतकी वर्षे शिकवते आहे की माझ्या प्रतीची पाने सुटून पत्त्यांसारखी पिसता येतात.

आता दुसऱ्या संमेलनाची हकीगत. १३ आणि १४ फेब्रुवारी २०२० या दोन दिवशी बीडजवळच्या पालवणच्या डोंगरावर एक संमेलन भरले. नाव ‘वृक्ष संमेलन’. भरवणारे होते नट सयाजी शिंदे आणि लेखक अरविंद जगताप, आणि त्यांच्या ‘सह्याद्री देवराई’ची मंडळी. अध्यक्ष कोण? वडाचे झाड. चेष्टा नव्हे, रीतसर अध्यक्ष.

सयाजी शिंदे म्हणजे ‘शूल’मधला तो बच्चू यादव. मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू अशा किती भाषांतल्या पडद्यांवर या गृहस्थांनी दुष्टपणा केला असेल त्याची गणती नाही. साताऱ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरातला हा माणूस आमच्या डोंगरावर येऊन झाडे लावू लागला तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांना वाटले, चित्रपटाचे चित्रण आहे. उरलेल्या निम्म्यांना वाटले, निवडणूक आहे. राज्यात सगळ्यांत कमी रान असलेल्या जिल्ह्यांत आमचा नंबर वर. पालवणचा तो डोंगर म्हणजे मुरूम, दगड आणि कुसळे. तिथे वड, पिंपळ, लिंब लावायचे, जगवायचे आणि वर त्यांचे संमेलन भरवायचे, हे ऐकून आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत बरीच करमणूक झाली. मराठीच्या विभागाला तर विशेष. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी निवडणूक होत असे तेव्हा मतपत्रिका, रुसवेफुगवे यांवर आमचा निम्मा चहा संपत असे. इथे अध्यक्ष बिनविरोध आणि जागचा हलणारच नाही असा!

मी वर्गातल्या पंचवीसेक मुलामुलींना घेऊन संमेलनाला गेले. संध्याकाळी अण्णांना फोन केला. त्यांनी विचारले, “अध्यक्षांचं भाषण किती वेळ चाललं?”

“अध्यक्ष बोलले नाहीत, अण्णा.”

“मग चांगलं झालं असणार संमेलन,” अण्णा म्हणाले, आणि लगेच, “पाण्याची सोय कुणाकडे होती?”

हा प्रश्न अण्णांनी सवयीने विचारला. पण त्याच दिवशी, डोंगरावर, तो मला दुसऱ्या तोंडूनही ऐकावा लागला होता. त्याकडे येतेच.

नटाने झाडे लावावीत यात कला कुठे आली, असे कोणी विचारील. आमच्या विभागातल्या एका गृहस्थांनी विचारलेच. त्यांना मी जर्मनीतल्या योझेफ बॉइस या कलावंताची गोष्ट सांगितली. १९८२ साली कासेल शहरात मोठे कलाप्रदर्शन होते. बॉइसने चित्र टांगले नाही, पुतळा मांडला नाही. संग्रहालयापुढच्या मैदानात सात हजार काळ्या दगडी खांबांची रास ओतली आणि सांगितले, एक झाड लावा, त्याच्या शेजारी यातला एक दगड उभा करा. सात हजार झाडे लागतील तेव्हाच ही रास संपेल. म्हणजे गावाच्या डोळ्यांपुढे ढीग पडलेला. काम किती उरले ते रोज दिसावे. लोक चिडले, ओरडले. पैसे उभे करायला त्याने झारच्या मुकुटाची सोन्याची नक्कल सगळ्यांदेखत वितळवली आणि तिचा ससा ओतला. एका जपानी दारूच्या जाहिरातीतही तो त्यासाठी उभा राहिला. १९८६ साली तो वारला. शेवटचे झाड त्याच्या मुलाने १९८७ साली लावले.

ते गृहस्थ म्हणाले, “तिकडे पाऊस पडतो हो.” हे मात्र खरे.

आपल्याकडच्या कलावंतांना झाडाचे वेड नवे नाही. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ सालचे. पळस, पांगारा यांच्याकडे मराठी माणसाने मान वर करून पाहावे हे दुर्गाबाईंनी शिकवले. आणि त्याच दुर्गाबाईंनी १९७५ साली, आणीबाणी चालू असताना, कऱ्हाडच्या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली. पुढे त्यांना अटक झाली. माझ्या विद्यार्थ्यांना वाटते, झाडांवर लिहिणारे वेगळे आणि सरकारशी भांडणारे वेगळे. मी त्यांना दुर्गाबाईंचे नाव सांगते. अजिंठ्याच्या बाजूचे ना. धों. महानोर यांचेही सांगते. ‘रानातल्या कविता’ लिहिणारा हा कवी १९७८ साली विधान परिषदेवर गेला तो तिथे शेतीचे आणि पाण्याचे बोलू लागला.

सयाजी शिंदेही २०२४ साली राजकारणात गेले. सत्तेत असलेल्या पक्षात गेले. आमच्या प्राध्यापकांच्या खोलीने लगेच “बघा, म्हटलं नव्हतं?” असे केले. पण २०२५ च्या अखेरीस नाशिकला कुंभमेळ्याच्या तयारीसाठी तपोवनातली झाडे तोडायची ठरली तेव्हा हे गृहस्थ, आपलेच लोक सत्तेवर असताना, झाडांच्या बाजूने उभे राहिले. खोली त्या दिवशी जरा गप्प होती. माझे स्वतःचे मत असे की कलावंताने पक्षात जाऊ नये. पण गेलाच, तर तिथे जाऊन असे गैरसोयीचे तरी व्हावे.

आता डोंगरावरच्या प्रश्नाकडे येते.

माझ्याबरोबर आलेल्या मुलांत एक मुलगी होती. तिचे नाव मी लिहीत नाही, सुमन म्हणू. सगळी मुले नटांबरोबर फोटो काढायला धावली होती. ही एका कोवळ्या रोपापाशी उकिडवी बसून बोटाने माती उकरून बघत होती. मी जवळ गेले तशी म्हणाली, “मॅडम, मे महिन्यात ह्यांना पाणी कोण घालणार? आमच्यात तर घरी माणूसच नसतंय.”

पुण्यामुंबईच्या वाचकांना हे थोडे उलगडून सांगायला हवे. दिवाळीच्या सुमारास तुमच्याकडे करंज्यांसाठी साखर दळली जाते, त्याच दिवसांत आमच्या जिल्ह्यातून काही लाख माणसे ऊस तोडायला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसे दोन, हिशेबात कोयता एक. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या आसपास पालाच्या कोप्या घालून ही माणसे राहतात आणि पाडव्याच्या मागेपुढे परततात. गावात उरतात म्हातारी, आणि म्हातारीला सांभाळायला एखादी शाळाकॉलेजातली पोर. दसऱ्यानंतर माझ्या वर्गातली बाके रिकामी होऊ लागतात ती यामुळे.

सुमनने वर्गात एकदा मला अडवले होते. ‘बनगरवाडी’चा शेवट शिकवून मी पुस्तक मिटले, तशी तिने विचारले, “मॅडम, ती माणसं परत आली का?”

मी म्हटले, “पुस्तक तिथेच संपतं.”

“आमच्यात येतेत परत,” ती म्हणाली. “आन् पुन्हा जातेत.”

वीस वर्षे ‘बनगरवाडी’ शिकवणाऱ्या बाईला त्यावर काही बोलता आले नाही.

आणि येथे मला कलावंतांबद्दल थोडी तक्रार करायची आहे. २०१५ साली नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे आमच्या भागात आले, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांच्या हातात मदत ठेवली, त्यातून ‘नाम’ उभी राहिली. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला आणि पुढे २०१६ साली आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला साहित्य अकादमीने गौरवले, शेतकऱ्याचे घर मराठी पुस्तकात आले. पण २०१९ साली ऊसतोडणीच्या बायकांची जी पाहणी झाली, नीलम गोऱ्हे यांच्या समितीने जी पुढे आणली, तिच्यात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. काम बुडू नये, खाडा पडू नये, दुखणे एकदाचे जावे. शिवाय डॉक्टरांनी घातलेली भीती. या बाईसाठी कोण कलावंत कुठल्या डोंगरावर संमेलन भरवणार? झाडाशी मैत्री करणे त्या मानाने सोपे. झाड मजुरी मागत नाही, मुकादमाचे नाव घेत नाही. हे लिहिताना मला त्या वडापुढे थोडे ओशाळल्यासारखेही होते, कारण त्या डोंगराला पुढे आग लागली, झाडे जळाली, आणि मंडळी पुन्हा लावायला गेलीच. सोपे म्हणण्याचा अधिकार, ज्याने उन्हात एक घागर वर नेली त्याला. मी नेली नव्हती.

संमेलनाहून परतताना मी वाटेत रोपवाटिकेतून एक लिंबाचे रोप घेऊन सुमनला दिले. महिनाभरात करोनाची टाळेबंदी आली. तिचे आईवडील कारखान्यावर अडकले. रोज फोन येई : “मॅडम, कधी सोडतील?” मी काय सांगणार! एप्रिलमध्ये सरकारने परवानगी दिली तेव्हा ट्रक भरून माणसे आली आणि गावाच्या शिवेवर थांबली. त्या दोन महिन्यांत सुमनची आजी भांडी घासलेले पाणी रोज लिंबाला घाली. लिंब जगला. आज तो घराच्या पत्र्याच्या वर गेला आहे.

सुमनने मात्र बी. ए.चे शेवटचे वर्ष केले नाही. लग्न झाले, नवऱ्याकडे एक कोयता कमी होता. आता ती स्वतः अर्धा कोयता आहे. आजी गेली. मुलगा चार वर्षांचा आहे, तो बरोबर जातो.

या नवरात्रात ती घरी आली. माझ्यासाठी भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणल्या होत्या. बोलता बोलता म्हणाली, दारात यंदा वडाची फांदी लावली आहे, फुटली आहे, पण आता परवा निघायचे. लिंबाची काळजी नाही, त्याची मुळे खाली गेली. हिचे काय?

“मॅडम, सर बँकेच्या कामाला तिकडं जातेत ना दर आठवड्याला?”

‘हे’ आतून ऐकत होते. बाहेर आले आणि म्हणाले, “बादली कुठं ठेवतेस?”

“पत्र्याच्या मागं. हापश्याला अजून पाणी हाय.”

गेल्या रविवारी ‘हे’ जाऊन आले. लेख संपत आला होता, मी मान वर न करता विचारले, “कसा आहे वड?”

“शेंडा शेळीनं खाल्लाय. खाली दोन फुटवे आहेत.” चप्पल झटकत ते म्हणाले. “बाभळीच्या काट्या लावून आलो. पुढच्या खेपेला तार घेऊन जातो. टँकर आला का?”