सहा शिलिंगांचा हिशेब

बँकेच्या कर्जविभागात माझी उमेदीची वर्षे गेली. थकीत खात्याच्या फायलीत सर्व काही असते: तारणाचे मूल्यांकन, जामीनदारांचे पत्ते, नोटिसांच्या पोचपावत्या. पण त्या घरातले दूध प्रथम कोणी बंद केले, मुलाला शाळेतून काढण्याची गोष्ट पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाली, यासाठी फायलीत रकाना नसतो. निवृत्तीनंतर चार्ल्स डिकन्स सवडीने वाचला, तेव्हा या नसलेल्या रकान्याची मला वारंवार आठवण झाली.

डिकन्सचे वडील जॉन हे इंग्लंडच्या नौदलाच्या वेतन कार्यालयात कारकून होते. पगार बरा, स्वभाव दिलदार, बोलणे अघळपघळ आणि खर्च नेहमी मिळकतीच्या चार पावले पुढे. फेब्रुवारी १८२४ मध्ये एका पाववाल्याचे ४० पौंड १० शिलिंग न फेडल्यामुळे त्यांना लंडनच्या मार्शलसी तुरुंगात जावे लागले. त्या काळी तेथे ऋणकोला कैदेत ठेवता येत असे आणि त्याचे कुटुंबही त्याच्याबरोबर तुरुंगात राहू शकत असे. काही दिवसांनी आई धाकट्या मुलांना घेऊन तेथेच राहायला गेली. चार्ल्सला नुकतेच बारावे वर्ष पूर्ण झाले होते. अटकेच्या काही दिवस आधी तो थेम्सकाठच्या एका पडक्या इमारतीतील बूटपॉलिशच्या कारखान्यात कामाला लागला होता. पॉलिशच्या बरण्यांवर कागद बांधायचा, दोरी आवळायची, लेबल चिकटवायचे. मजुरी आठवड्याला सहा शिलिंग. घरातल्या वस्तू एकेक करून गहाण पडत होत्या आणि गहाणाच्या दुकानाची पायरी चढण्याचे कामही याच मुलाकडे होते.

मूल्यांकनाचा एक प्रसंग माझ्यासारख्या माणसाला विसरणे शक्य नाही. दिवाळखोरीच्या कायद्याचा लाभ हवा असेल, तर ऋणको आणि त्याचे कुटुंबीय यांच्या अंगावरचे कपडे व किरकोळ चीजवस्तू २० पौंडांहून अधिक किमतीच्या नसाव्यात, असा दंडक होता. त्यासाठी या मुलालाही अधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागले. डोक्यावर साधी टोपी, अंगात आखूड जाकीट, खिशात मात्र आजीने दिलेले जाडजूड चांदीचे घड्याळ. या घड्याळामुळे २० पौंडांची मर्यादा ओलांडली जाईल, ही भीती वाटेतच त्याच्या मनात घर करून होती. अधिकाऱ्याने त्याला वरवर पाहिले आणि सोडून दिले. मुलाने कृतज्ञतेने वाकून नमस्कार केला. आयुष्यात मी शेकडो मूल्यांकन अहवालांवर सही केली. त्या वेळी कोणाच्या खिशात काय टिकटिकत होते, हे मला कधी दिसले नाही.

दुसरा प्रसंग लाजेचा. कारखान्यात बॉब फेगिन नावाचा एक मुलगा होता. एके दिवशी चार्ल्सच्या पोटात असह्य कळा आल्या, तेव्हा अर्धा दिवस त्याने शेकायला गरम बाटल्या दिल्या आणि संध्याकाळी त्याला घरी पोचवायला निघाला. घर कुठले दाखवणार? वडील तुरुंगात. साउथवर्क पुलाजवळच्या एका अनोळखी घरापाशी चार्ल्स थांबला, हेच माझे घर असे सांगून त्याने निरोप घेतला आणि मित्राने मागे वळून पाहिले तर संशय नको म्हणून दारही ठोठावले. दार उघडणाऱ्या बाईला त्याने विचारले, रॉबर्ट फेगिन येथेच राहतात का? व्यापारी घरात ज्यांनी वाईट दिवस पाहिले आहेत, त्यांना असे परके दार ठोठावणे समजावून सांगण्याची गरज नाही.

मे महिन्याच्या अखेरीस वडील सुटले, पण मुलाचे काम चालूच राहिले. पुढे कारखाना पाहणाऱ्या नातेवाइकाशी वडिलांचे बिनसले आणि मुलगा घरी आला. आई दुसऱ्याच दिवशी जाऊन समेट करून आली. मुलाने उद्यापासून पुन्हा कामावर जावे, असा तिचा आग्रह होता. वडील म्हणाले, नाही, तो शाळेत जाईल. तसेच झाले. या सर्व दिवसांविषयी डिकन्सने फक्त आपला मित्र जॉन फॉर्स्टर याला लिहून कळवले. त्याच्या मुलांनाही हे कळले ते त्याच्या निधनानंतर निघालेल्या चरित्रातून. आपल्याला परत पाठवण्याची आईची तळमळ आपण कधीच विसरू शकणार नाही, असे तो त्यात सांगतो.

१८४९-५० मध्ये ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत ही देणी त्याने कशी वाटून टाकली, ते पाहण्यासारखे आहे. मुलाला कारखान्यात धाडण्याचे पाप निर्दय सावत्र बापाच्या, मर्डस्टोनच्या खाती टाकले. कर्जबाजारीपणाचा सारा गोडवा मिकॉबर या पात्राला दिला. वीस पौंडांच्या मिळकतीत सहा पेन्स उरले तर सुख आणि सहा पेन्स कमी पडले तर दुःख, हे त्याचे गणित आजही अर्थशास्त्राचे प्राध्यापक वर्गात सांगतात. ते मूळचे वडिलांनी तुरुंगात दिलेल्या उपदेशातले. सुटकेची वाटही कादंबरीत आहे: डेव्हिड लंडनहून डोव्हरपर्यंत पायी जातो, वाटेत अंगावरचे कपडे विकतो आणि वडिलांच्या आत्याच्या दारी पोचतो. प्रत्यक्षात अशी आत्या नव्हती. आणि आई? कादंबरीतली आई कोवळी, भोळी असून लवकर मरते. तिच्यावर कसलाही आरोप उरत नाही, पण जिवंत आईलाही त्यात जागा उरत नाही.

चित्रपटांनीही मिकॉबरवरच जीव लावला. १९३५ च्या चित्रपटात डब्ल्यू. सी. फील्ड्स यांनी ही भूमिका केली. २०१९ च्या चित्रपटात, ज्यात देव पटेल डेव्हिड झाला आहे, घेणेकरी दाराखालच्या फटीतून मिकॉबरच्या घरातली सतरंजी बाहेर ओढून नेतात आणि प्रेक्षक हसतात. मीही हसलो. नंतर वाटले, ती सतरंजी झाडून अंथरणारी बाई कोण होती?

मला हा निवाडा मान्य नाही. खऱ्या आयुष्यात जॉन डिकन्स सुधारले नाहीत. मुलगा प्रसिद्ध झाल्यावर त्याच्या नावावर ते पैसे उचलू लागले; अखेर १८४१ मध्ये डिकन्सला वर्तमानपत्रांत जाहीर सूचना द्यावी लागली की, आपण व आपल्या पत्नीने केलेल्या देण्यांखेरीज कोणत्याही देण्यास आपण जबाबदार नाही. तरीही त्या वडिलांवर जगाने जीव टाकावा असे पात्र त्याने रचले. आईने चूक केली ती एकदा, आणि तीही घरात सहा शिलिंग यावेत म्हणून. कर्ज तिने केले नव्हते. अटकेच्या आधी गावर स्ट्रीटवर घर घेऊन, दारावर पितळी पाटी लावून तिने मुलींची शाळा काढून पाहिली होती. एकही विद्यार्थिनी आली नाही. ती पाटी कादंबरीत मिसेस मिकॉबरच्या दारावर आहे, आणि तेथेही ती वाचून कोणी येत नाही. मुलाने ती पाहिली होती, लक्षातही ठेवली होती.

बुडीत कर्ज निर्लेखित करण्याचे अधिकार बँकेत ठरलेले असतात. घरात मात्र हसतमुख माणसाची मोठी रक्कम सहज माफ होते आणि हिशेब करणाऱ्याची लहान रक्कम व्याजासह चालू राहते.

हे मी परक्याविषयी लिहीत नाही. आमचे तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान होते. १९७२ च्या दुष्काळात उधारी बुडाली. बुडाली म्हणजे कोणी बुडवली नाही, देण्यासारखे कोणाजवळ काही नव्हते. दुकान उठल्यावरही वडिलांभोवती चौकात माणसे जमत, इतका त्यांचा लोभ होता. मी चौदा वर्षांचा होतो. मला मामांच्या अडत दुकानात खतावणी लिहायला पाठवायचे, हे आईने ठरवले. वडील ओट्यावर बसून रडले. आई रडली नाही. तिने ट्रंक भरली. पुढे रात्रीची शाळा, कॉलेज, एम.कॉम., बँक, सारे यथास्थित झाले. वडिलांविषयी माझ्या मनात कधी अढी राहिली नाही.

आई थकल्यावर एका दुपारी मी तिला विचारले, “तू मलाच का पाठवलंस?”

ती गहू निवडत होती. म्हणाली, “मामाकडे दोन वेळचं जेवण होतं. आपल्याकडे एक वेळचं. आणि पाचांत सगळ्यात जास्त भूक तुला लागायची.”

त्यानंतर ती नऊ वर्षे होती. दर संवत्सरीला मी तिच्या पाया पडत असे, मिच्छामि दुक्कडम् म्हणत असे, आणि तीही म्हणत असे. हा विषय आम्ही पुन्हा काढला नाही.