मूळ फाइलला हात नको
1978 साली शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी टेलिफोनच्या तारेवर पहिला संगणकीय सूचनाफलक सुरू केला, तेव्हा प्रोग्राम त्यांचाच होता. हवं ते खोडायला आडकाठी कुणाची? आज हौसेनं असे फलक चालवणारे अनेकजण रॉब स्विंडेल यांचं सिंक्रोनेट हे सॉफ्टवेअर वापरतात, म्हणजे घर दुसऱ्यानं बांधलेलं. त्याच्या मूळ स्क्रिप्ट ‘एक्झेक’ फोल्डरात असतात. नवी आवृत्ती चढवली की त्या फाइलींवर नव्या फाइली बसतात आणि तिथे केलेली तुमची रंगरंगोटी पुसली जाते. हे टाळण्यासाठीच शेजारी ‘मॉड्स’ फोल्डर आहे. उदाहरणार्थ, लॉगऑनच्या स्क्रिप्टची प्रत तिथे त्याच नावानं ठेवा आणि हवी तशी बदला. सर्व्हर आधी तिथे डोकावतो, सापडली तर तीच चालवतो, नाहीतर मूळ फाइलीकडे वळतो. सोय झकास, पण (हे फार थोडे लक्षात ठेवतात) पुढे मूळ स्क्रिप्टमधली एखादी चूक दुरुस्त झाली, तरी तुमच्याकडे जुनीच प्रत चालत राहते, चुकीसकट. सर्व्हर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. स्क्रीनवरचं एखादंच वाक्य बदलायचं असेल तर अख्खी फाइल कशाला उचलायची? अलीकडच्या आवृत्त्यांत ‘टेक्स्ट.आयएनआय’ या फाइलीत तेवढीच ओळ लिहिता येते, बाकी मजकूर मूळ जागेहूनच येतो. मोठा बदल केलाच असेल, तर दर आवृत्तीला दोन्ही फाइली शेजारी ठेवून फरक तपासण्याचं कंटाळवाणं काम काही टळत नाही.